वाईट ठाऊक आहे, चांगलं काय ते सांगा

नवापूर तालुक्यातल्या एका वडिलांनी विचारलंय. त्यांची मुलगी नर्स आहे. भुसावळच्या कॅथलिक घरातला, रेल्वेत नोकरीला असलेला मुलगा तिने पसंत केलाय. वडील जुन्या मिशनच्या प्रोटेस्टंट मंडळीतले. आजोबांचा बाप्तिस्मा मिशनऱ्यांच्या हातून नदीत झालेला. धाकटा भाऊ काही वर्षांपूर्वी पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणाऱ्या) मंडळीत गेला, तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं जेमतेम. ते लिहितात : "पाळकसाहेब, कॅथलिकांत वाईट काय ते आम्हाला लहानपणापासून शिकवलंय. त्यात भर नको. चांगलं काही असलं तर तेवढं सांगा."

जय ख्रिस्त.

पस्तीस वर्षं पाळकी केली, पण असं कोणी विचारलं नव्हतं. लोक येतात ते "त्यांचं तारण झालंय का हो?" हे विचारायला, आणि उत्तर स्वतःच घेऊन येतात. तुम्ही निदान पाटी कोरी ठेवलीत.

आधी माझी एक गोष्ट सांगतो. नवा पाळक होतो, आवाज मोठा होता आणि मेळाव्यात बोलायला मिळालं की अंगात यायचं. नंदुरबारकडच्या एका गावात तीन रात्री मेळावा होता. तिसऱ्या रात्री मी मरियेचे पुतळे, जपमाळ, पोप असं सगळं एकेक करून झोडपलं. कर्णा झाडावर बांधलेला. गावाच्या दुसऱ्या टोकाला कॅथलिक सिस्टरांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता, हे मला माहीत होतं. खरं सांगायचं तर म्हणूनच आवाज जरा जास्त लागला असावा.

पुढच्या पावसाळ्यात त्याच गावात मुक्कामी असताना माझ्या मुलाला रात्री विंचू चावला. चार वर्षांचं पोर, घामाने भिजलेलं, तोंडातून लाळ. गाडी नाही, नाल्याला पाणी. त्या दवाखान्याची कडी वाजवली. केरळच्या वयस्कर सिस्टर होत्या. इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं आणि कंदिलाजवळ स्टूल ओढून उजाडेपर्यंत पोराच्या नाडीवर बोट ठेवून बसल्या. सकाळी पोराने चहा मागितला. मी पैसे काढले तर नको म्हणाल्या. दारापर्यंत आल्या आणि तेवढंच बोलल्या, "ब्रदर, तुमचं मराठी फार चांगलं आहे. मी तीन रात्री ऐकलं."

त्यानंतर मी दुसऱ्या पंथावर कर्ण्यातून बोललो नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. एखाद्या मंडळीचं बळ तिच्या विश्वासाच्या कलमांत शोधायला गेलात तर हाती वाद लागेल. त्यांची माणसं आजारी पडतात, मरतात, कर्जात बुडतात, दारूत जातात, तेव्हा ती मंडळी काय करते ते बघा. बघताना आपल्याला कुठे "हे आपल्याकडे नाही" असं टोचतं, तिथे थांबा. त्या टोचण्यावर माझा भरवसा आहे. स्वीडनचे लूथरन बिशप क्रिस्टर स्टेंडाल यांनी १९८५ साली याला 'पवित्र हेवा' म्हटलं होतं. मी हा शब्द फार उशिरा ऐकला. हेवा त्याआधीच सुरू झाला होता.

कॅथलिकांबद्दल माझा पहिला हेवा बायबलाचा आहे. हसू नका. "कॅथलिक बायबल वाचत नाहीत" हे मीही शिकलो होतो आणि शिकवलंही होतं. भुसावळला असताना एका फादरांशी ओळख झाली. त्यांनी मला त्यांच्या वाचनांचा तक्ता दाखवला. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, जुन्या करारातला उतारा, स्तोत्र, पत्रांतला उतारा आणि शुभवर्तमान (येशूचं चरित्र) अशी वाचनं ठरलेली असतात. एक वर्ष मत्तय, एक वर्ष मार्क, एक वर्ष लूक. योहान मधूनमधून, विशेषतः पुनरुत्थानाच्या दिवसांत. तीन वर्षांत फेरी पूर्ण. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ साली ही रचना आली. त्याच सुमारास मिस्सा लॅटिनमधून लोकांच्या भाषेत आली. म्हणजे तुमच्या आजोबांनी ज्या कॅथलिकांबद्दल ऐकलं, त्यांची उपासना खरोखरच लोकांना न कळणाऱ्या भाषेत होती. आजची नाही.

घरी येऊन मी माझ्या उपदेशांच्या वह्या काढल्या. दहा वर्षांच्या. रोमकरांस पत्र एकेचाळीस वेळा. विलापगीत एकदाही नाही. आमोस एकदा, तेही दुसऱ्या कोणाच्या आग्रहाने. शास्त्र सगळं मानणारा मी, आणि माझी मंडळी माझ्या आवडीच्या पंधरा-वीस अध्यायांवर जगत होती. त्या तक्त्याने फादरांना न आवडणारा उतारासुद्धा वाचायला लावला असता. मला कोणी लावत नव्हतं.

दुसरा हेवा पाठ केलेल्या प्रार्थनेचा. आपल्याकडे तिला पोपटपंची म्हणतात. प्रार्थना मनातून आली पाहिजे, हे खरं. पण मनच गेलं तर? भुसावळला एक निवृत्त रेल्वे ड्रायव्हर होते, कॅथलिक, आमचे शेजारी. शेवटच्या दोन वर्षांत स्मृती गेली. मुलाला ओळखत नव्हते, बायकोला "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?" म्हणायचे. संध्याकाळी सून हातात जपमाळ द्यायची. बोटं मण्यांवरून सरकायची, ओठ हलायचे आणि दहा मणी झाले की बरोबर सुट्या मण्यावर थांबून "हे आमच्या स्वर्गातील बापा" सुरू व्हायचं. न चुकता. डोक्यातून सगळं पुसलं गेलं तरी बोटांना देव आठवत होता. मी त्यांच्या खाटेशी बसून विचार करायचो, उद्या माझं असं झालं तर माझ्या बोटांना काय आठवेल?

मी आजही जपमाळ म्हणत नाही. मरियेला विनंती करण्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण त्यांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून ऐकलं, तेव्हा एवढं कळलं की ते तिला देव मानत नाहीत. "आमच्यासाठी विनंती कर" एवढंच म्हणतात, जसं तुम्ही मंडळीतल्या म्हाताऱ्या मावशींना म्हणता. मेलेल्या संतांना असं म्हणता येतं का, हा खरा मतभेद. तो आहे, मोठा आहे, तो झाकू नका. पण भांडायचंच तर जे आहे त्यावर भांडावं. आणि एक विचारतो : "सर्व पिढ्या मला धन्य म्हणतील" हे लूकच्या पहिल्या अध्यायात आहे. आपल्या मंडळीत नाताळ सोडून मरियेचं नाव शेवटचं कधी निघालं?

'विश्वासाने तारण की कर्माने' यावर मी त्या तिसऱ्या रात्री तासभर बोललो होतो. त्याच मुद्द्यावर कॅथलिक चर्च आणि लूथरन जागतिक महासंघ यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत आउग्सबुर्गला एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. देवापुढे नीतिमान ठरणं हे देवाच्या कृपेने, ख्रिस्तावरल्या विश्वासाने, आपल्या पुण्याईने नव्हे, असं दोघांनी मिळून म्हटलं. २००६ साली मेथडिस्टांनीही तिला मान्यता दिली. सगळे मुद्दे मिटले नाहीत, पण ज्यावरून फूट पडली त्याची धार गेली. आपल्या गावांत ही बातमी अजून पोचलेली नाही.

का पोचली नाही याला कारण आहे. पश्चिम खानदेशात आलेलं मिशन म्हणजे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन. स्वीडनमध्ये जन्मलेल्या फ्रेडरिक फ्रान्सन यांनी ते १८९० साली अमेरिकेत सुरू केलं. १९४९ पासून त्याचं नाव 'टीम' झालं. (भुसावळ-जळगावकडे आलं ते ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, ते वेगळं. नावात दोन्हीकडे अलायन्स म्हणून लोक अजून गल्लत करतात.) फ्रान्सनच्या मागे आलेल्यांत बरेचसे असे होते, की ज्यांच्या घरच्यांनी मायदेशात सरकारी चर्चच्या थंड, झगेवाल्या धर्माला कंटाळून वेगळी वाट धरली होती. मेणबत्ती, झगा, छापील प्रार्थना हे त्यांना टोचायचं, कारण त्यांच्या गावात त्यामागे खरोखरच काही उरलं नव्हतं. ते भांडण त्यांचं होतं, त्यांच्या बर्फातलं. आपल्या आजोबांनी सुवार्तेबरोबर तेही घेतलं. ज्यांनी आयुष्यात कॅथलिक पाहिला नव्हता, त्यांनी कॅथलिकांशी वैर घेतलं.

म्हणून त्या मिशनऱ्यांना कमी लेखू नका. चिंचपाड्याचं हॉस्पिटल कोणाच्या उपकाराने उभं राहिलं हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि तुमच्या मंडळीचं बळ तुमच्या मुलीच्या सासरी कोणाकडे नसेल, तेही ओळखून ठेवा. आपल्या म्हाताऱ्या बाया शाळेत न जाता नव्या करारावर बोट ठेवून वाचायला शिकल्या. आपल्याकडे कोणीही शेतकरी उठून साक्ष देतो. पाळक आजारी पडला तर रविवारची उपासना अडत नाही. कॅथलिक गावात फादर आले नाहीत तर मिस्सा होत नाही. भुसावळच्या त्या फादरांनी मला एकदा स्वतः म्हटलं, "तुमचे लोक प्रार्थना करायला सांगितली तर लगेच उभे राहतात. माझे लोक माझ्याकडे बघतात." हेवा दोन्हीकडून असतो.

आता तुमच्या भावाबद्दल. तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात तीन ठिकाणी त्याचा उल्लेख केलात, म्हणून लिहितो.

पेंटेकॉस्टल मंडळ्यांचं बळ मला नवापूरकडच्याच एका पाड्यावर दिसलं. सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा मुलगा, बारा-तेरा वर्षांचा. आपल्या भिल्ल-पावरा समाजात हा आजार किती आहे ते तुमच्या मुलीला विचारा. थंडी पडली की हाडांत कळा येतात आणि पोर ओरडतं. मी गेलो तेव्हा झोपडीत पंधरा माणसं होती. ढोलकी, मावचीतली गाणी, बायका आळीपाळीने पोराचे पाय चोळत होत्या आणि सगळे एकदम मोठ्याने प्रार्थना करत होते. माझ्या सवयीला तो गोंगाट होता. पण रात्री दोन वाजता मी पेंगायला लागलो तेव्हाही ती माणसं जागी होती. सकाळी शेतावर जाणारी माणसं! आमच्या मंडळीतून मी एकटा गेलो होतो, माझ्या बाप्तिस्म्याच्या वहीत त्या घरातल्या चौघांची नावं होती म्हणून.

देव आज, इथे, या झोपडीत काहीतरी करील, ही त्यांची अपेक्षा आहे. आपली अपेक्षा बहुतेक वेळा सभा वेळेत संपावी एवढीच असते. त्यांनी मोहाची दारू सोडवली ती उपदेशाने नव्हे. संध्याकाळी दारूच्या वेळेला रोज प्रार्थना ठेवली म्हणून सुटली. मराठी न येणाऱ्या बाईला त्यांनी माइक दिला. आम्ही तिला शुद्ध मराठीत गायला शिकवत बसलो होतो.

दोष? तोच, उलट बाजूने. ज्या अपेक्षेने ते रात्रभर जागतात, त्याच अपेक्षेने एखादा उत्साही भाऊ म्हणतो, "गोळी घेतलीस म्हणजे विश्वास नाही." त्या पाड्यावरही असा एक होता. पोराला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात न्यायला मला त्याच्याशी उंबऱ्यात उभं राहून वाद घालावा लागला. तुमच्या भावाशी बोलाल तेव्हा या एका गोष्टीवर ठाम राहा : प्रार्थना हवी तेवढी करा, चालू गोळी बंद करायची नाही. बाकी टाळ्या, अनोळखी भाषांत बोलणं, हात वर करणं यावर बोलू नका.

आणि हे काही बाहेरून आलेलं खूळ नाही. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या आश्रमातल्या मुली रात्र-रात्र रडून प्रार्थना करत होत्या, तेव्हा लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवरची १९०६ ची ती गाजलेली जागृती, जिथून पेंटेकॉस्टल चळवळ सुरू झाली म्हणतात, ती अजून व्हायची होती. रमाबाईंचा स्वतःचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये झाला होता, पण एका पंथाच्या चौकटीत त्या कधी मावल्या नाहीत. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला तुमचा भाऊ याकोबाच्या पत्रातलं पाचव्या अध्यायाचं वचन काढतो ना? कॅथलिक फादर आजाऱ्याला तेल लावतात तेही त्याच वचनावरून. मधले आपण तेवढे तेलाशिवाय.

चर्च ऑफ नॉर्थ इंडियाबद्दल थोडक्यात, कारण नंदुरबार-भुसावळच्या पट्ट्यात कधी ना कधी त्यांच्याशी गाठ पडेलच. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्च एकत्र आले : अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बाप्तिस्ट, मेथडिस्टांचा एक भाग, ब्रदरेन आणि डिसायपल्स. बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की मोठेपणी, यावरून युरोपात माणसं बुडवून मारली गेली होती. यांनी दोन्ही रीती ठेवल्या आणि निवड घरच्यांवर सोडली. अर्धवट वाटतं, पण मतभेद घेऊन एका छपराखाली राहणं ही मोठी विद्या आहे. आपल्याकडे कोणी हार्मोनियम कुठे ठेवायची यावरून मंडळी फोडतो. तुमच्या सीमेपलीकडे गुजरातेत व्यारा-आहव्याकडचे जुने ब्रदरेन प्रभुभोजनाआधी (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर खाण्याआधी) एकमेकांचे पाय धुतात. एकदा बघून या. ज्याच्याशी बांधावरून भांडण आहे त्याच्या टाचेवरच्या भेगांतून बोट फिरवताना माणूस काय बोलणार? कॅथलिकही ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी बारा जणांचे पाय धुतात. २०१६ पासून त्यात बायकांचेही.

मुक्तिफौजेकडे (साल्व्हेशन आर्मी) तर बाप्तिस्मा नाही, प्रभुभोजनही नाही. मला ते पटत नाही. पण १८८२ साली त्यांचे फ्रेडरिक टकर मुंबईत उतरले, भगवे कपडे घातले, फकीरसिंग नाव घेतलं आणि भाकरी मागून खाल्ली. आपण सूट-टाय घालून उन्हात उपदेश करतो.

आता लग्नाचं, कारण तुमची खरी काळजी तिथे आहे.

कॅथलिकाने बाप्तिस्मा झालेल्या दुसऱ्या पंथाच्या मुलीशी लग्न करायचं तर त्यांच्या बिशपांची परवानगी लागते. भुसावळ नाशिकच्या धर्मप्रांतात येतं. हा धर्मप्रांत १९८७ साली पुण्यातून वेगळा झाला. तुमच्या मुलीला कॅथलिक व्हावं लागत नाही. तिचा बाप्तिस्मा पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला असेल तर ते पुन्हा देत नाहीत. तुमच्या मंडळीचा दाखला लागतो, तो आत्ताच काढून ठेवा. जुन्या वह्यांना वाळवी लागलेली असते. मुलाला मात्र वचन द्यावं लागतं, की मुलांचा बाप्तिस्मा आणि शिक्षण कॅथलिक रीतीने व्हावं म्हणून तो शक्य ते सगळं करील. हे वचन तुमच्या मुलीकडून घेत नाहीत, पण तिला त्याची कल्पना देतात. यावर लग्नाआधी दोघांनी मोकळं बोलावं. मी जी अशी लग्नं अडखळताना पाहिली, ती मरियेवरून नव्हे, पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्यावरून. लग्न तुमच्या मंडळीत व्हावं अशी इच्छा असेल तर बिशप तशी सवलतही देऊ शकतात. ती मागावी लागते, तीही वेळेत.

अमळनेरच्या एका अशाच लग्नात मुलाच्या आजीने, अस्सल अहिराणी बाई, मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुमना येशू येगळा शे का रे भो?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "मंग इतला कागदं कसाले?" मला उत्तर आलं नाही.

मुलाचं घर बघायला जाल तेव्हा शनिवारीच निघा आणि रविवारची मिस्सा करून या. मागच्या बाकावर बसा. ते गुडघे टेकतील तेव्हा तुम्ही नुसते बसलात तरी कोणी काही म्हणणार नाही. कम्युनियनच्या, म्हणजे प्रभुभोजनाच्या वेळी रांग लागेल. ते कॅथलिक नसलेल्यांना भाकर देत नाहीत. हा तुमचा अपमान नव्हे. जे अजून एक झालं नाही ते झाल्यासारखं दाखवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते दरवेळी लागतं, आणि त्यांच्यातल्या अनेकांनाही लागतं. जागेवर बसून राहा, किंवा फादरांना आधी विचारून छातीवर हातांची फुली करून आशीर्वादापुरते पुढे जा. वाचनं नीट ऐका. घरी आल्यावर व्याह्यांना उताऱ्याबद्दल विचारा, पुतळ्यांबद्दल पुढच्या खेपेला.

सुरत-भुसावळ गाडी नवापूरहून थेट जाते. भावालाही घेऊन जा. गाडीत पाच-सहा तास दोघं समोरासमोर बसाल, काहीतरी बोलणं होईलच. रिकाम्या हाताने जाऊ नका, घरची तूरडाळ न्या दोन-तीन किलो. येताना ते केळी आणि भरिताची वांगी बांधून देतील, तेव्हा पिशवी मोठी घ्या.